ड्यूई अभ्यासक्रमात होता, बाबासाहेब नव्हते



हल्ली विद्यापीठात एक शब्द फार चालतो. आंतरराष्ट्रीयीकरण. तोंडात मावत नाही एवढा मोठा शब्द. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, त्यात त्यावर भर आहे. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं परदेशी विद्यापीठांबरोबर मिळून पदवी देण्याचे नियम केले. २०२३ साली परदेशी विद्यापीठांना इथं शाखा उघडू देणारे नियम आले. गुजरातेत गिफ्ट सिटीत ऑस्ट्रेलियाच्या दोन विद्यापीठांनी दुकानं थाटलीसुद्धा. आता शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांतही चर्चासत्रं होतात. भावी शिक्षकाला जगाची ओळख कशी करून द्यायची? परक्या संस्कृतीतल्या माणसाबरोबर शिकायचं कसं? विषय चांगला आहे. माझी काही हरकत नाही.

मी निवृत्त मास्तर. नागपूरच्या अशाच एका चर्चासत्राला मागच्या रांगेत बसून आलो. वक्ते छान बोलले. फिनलंड झालं, सिंगापूर झालं, मग चहा झाला, मग जपान झालं. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत दीक्षाभूमीचं नाव कुणी घेतलं नाही. त्या सभागृहापासून दीक्षाभूमी ऑटोनं दहा मिनिटांवर आहे.

घरी आलो आणि लिहायला बसलो. मला एवढंच सांगायचं आहे की नागपूरच्या शिक्षणाला जग नवीन नाही. जग इथं कधीचंच येऊन बसलं आहे. ते दोन दारांनी आलं. एक दार विद्यापीठाचं, दुसरं वस्तीचं. विद्यापीठाच्या दारानं जे आलं ते आम्ही परीक्षेसाठी घोकलं. वस्तीच्या दारानं जे आलं त्यानं आमची माणसं उभी केली. आणि ही दोन दारं एकमेकांत उघडत नाहीत, हेच खरं दुखणं आहे.

पहिल्यांदा पहिल्या दाराचं सांगतो, कारण त्या दारात मी स्वतः वर्षभर उभा होतो.

१९८२ साली मी बी.एड. ला बसलो. तेव्हा बी.एड. एका वर्षाचं असे. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. बा गिरणीत होता, रातपाळीला. माय बिड्या वळायची. घरात शाळेच्या वर शिकलेला मीच पहिला. बी.एड. ला नंबर लागला हे सांगितलं तेव्हा बा गिरणीतून येऊन नुकताच आडवा झाला होता. डोळे न उघडता म्हणाला, "मास्तर हो. पन पोट्ट्यायले मारू नोको बे. मले लई मारे मास्तर. अंगाले हात लागू नाही म्हनून दुरून फेकून मारे."

बाचं हे वाक्य म्हणजे माझा शिक्षणशास्त्राचा पहिला तास. बाकीचे तास महाविद्यालयात झाले.

तिथं आम्हाला हर्बार्ट शिकवला. पूर्वतयारी, निरूपण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. या पाच पायऱ्या टाचणवहीत रोज लिहायच्या. या पायऱ्या हर्बार्टच्या नावावर असल्या तरी त्या त्याच्या शिष्यांनी घडवल्या, हे मला फार पुढे वाचून कळलं. मग फ्रोबेलचं बालोद्यान आलं. पेस्टॅलॉझी आला. माँटेसरीबाई आल्या. रूसो आला. जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली, फ्रान्स. मोजून पाहा, एका वर्षात आम्ही चार देश फिरलो आणि बाकावरून उठलो नाही. तेव्हा आंतरराष्ट्रीयीकरण हा शब्द नव्हता, पण माल हाच होता.

मग अमेरिका आली. जॉन ड्यूई. जन्म १८५९, मृत्यू १९५२. कार्यवाद. कृतीतून शिक्षण. शाळा म्हणजे समाजाचं छोटं रूप. प्राध्यापक नोट्स सांगत होते, आम्ही खाली मान घालून लिहीत होतो.

आता योग असा की १९७९ साली महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागानं बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला होता. संपादक वसंत मून, आपल्या नागपूरच्याच वस्तीत वाढलेले. तो खंड आमच्या वस्तीतल्या वाचनालयात आला होता. एकच प्रत. घरी न्यायला मिळत नसे, तिथंच बसून वाचायची. माझं इंग्रजी बेताचं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी 'जातिप्रथेचं विध्वंसन' मूळ इंग्रजीतून वाचत होतो. त्यात बाबासाहेब लिहितात की ड्यूई माझे शिक्षक होते आणि त्यांचं माझ्यावर ऋण आहे. मी तिथंच थांबलो होतो. हा तोच ड्यूई का? वर्गात नाव आलं तेव्हा खात्री पटली. मी हात वर केला.

"सर, बाबासाहेब ड्यूईंच्या वर्गात होते ना?"

सर थांबले. चिडले नाहीत. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, उगाच कशाला खोटं लिहू. ते म्हणाले, "असतील. पण ते अभ्यासक्रमात नाही. परीक्षेला येणार नाही. पुढे लिहा."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "याले सगळीकडं बाबासाहेबच दिसते." चारदोन जण हसले. मी पुढे लिहिलं.

त्या दिवशी मला राग आला होता. आज राग नाही, हिशोब मांडावासा वाटतो. त्या वर्गानं काय गमावलं याचा हिशोब.

१९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. वय २२. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. वर फ्रेंच आणि जर्मन भाषेचा एकेक. आजच्या भाषेत याला आंतरविद्याशाखीय म्हणतात आणि त्यावर दोन दिवसांची कार्यशाळा घेतात. तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर आलेल्या माणसाला कार्यशाळेला वेळ नव्हता. मिळेल तितकं ज्ञान बांधून घरी न्यायचं होतं.

९ मे १९१६ चा एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. विषय मानववंशशास्त्र. शिकवणारे अलेक्झांडर गोल्डनवायझर, जन्म कीव्हचा, नोकरी अमेरिकेतली. समोर पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी उभा राहून निबंध वाचतो: भारतातल्या जाती. त्या जातींनी ज्याला शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलं, तोच जातीचा उगम कसा झाला, ती टिकते कशी, हे परक्या देशातल्या लोकांना समजावून देतो. आणि समोरचे ऐकून घेतात. आंतरसांस्कृतिक शिक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? इथं विद्यार्थी फक्त घ्यायला गेला नव्हता. द्यायला पण त्याच्याजवळ होतं.

ड्यूई त्या वेळी कोलंबियात तत्त्वज्ञान शिकवत आणि तिथल्या शिक्षक महाविद्यालयातही शिकवत. त्यांचं 'लोकशाही आणि शिक्षण' हे पुस्तक १९१६ सालीच निघालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लोकशाही म्हणजे नुसती मतपेटी नव्हे. माणसांनी एकमेकांत मिसळून, एकमेकांचे अनुभव वाटून जगणं म्हणजे लोकशाही. बाबासाहेबांनी ही गोष्ट उचलली आणि जातीवर लावून पाहिली. ज्या समाजात एका गटाचा अनुभव दुसऱ्या गटाकडे झिरपतच नाही, मधे भिंती आहेत, तिथं लोकशाही कशी असेल? १९३६ च्या त्यांच्या पुस्तकात हा सवाल आहे. अमेरिकेतला विचार त्यांनी जसाच्या तसा आणून इथं चिकटवला नाही. इथल्या आगीत घालून तापवला, ठोकला, मग त्याचं हत्यार केलं.

आता याला जोडून एक चीनची गोष्ट सांगतो. साधारण त्याच सुमारास कोलंबियाच्या शिक्षक महाविद्यालयात ताओ शिंगझी नावाचा चिनी तरुण शिकत होता. तोही ड्यूईचा विद्यार्थी. तो परत गेला. ड्यूई स्वतः १९१९ ते १९२१ चीनमध्ये राहून व्याख्यानं देत हिंडले. ताओनं पाहिलं की गुरूचं जसंच्या तसं आपल्या खेड्यात चालत नाही. त्यानं ते उलटं केलं: जगणं हेच शिक्षण, समाज हीच शाळा. १९२७ साली नानजिंगजवळच्या खेड्यात त्यानं शिक्षक घडवणारी शाळा काढली, तिथं भावी मास्तर शेतातही राबत.

एका गुरूचे दोन शिष्य. एकानं खेड्यात मास्तर घडवले. दुसऱ्यानं ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभं केलं, १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद. दुसऱ्या शिष्यानं आपल्या नागपुरात येऊन लाखो माणसांचं आयुष्य पालटलं. आणि त्याच नागपुरात बी.एड. च्या वर्गात गुरू दहा मार्कांना आला, शिष्य आला नाही.

१९२३ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये नागपूर विद्यापीठ निघालं. त्याच वर्षी कोलंबियाच्या शिक्षक महाविद्यालयानं देशोदेशीच्या शिक्षकांसाठी आंतरराष्ट्रीय संस्था उघडली. आणि त्याच वर्षी बाबासाहेबांना लंडनची डी.एस्सी. मिळाली. तीन धागे एका वर्षात. विणायला कुणी बसलं नाही.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबियानं बाबासाहेबांना बोलावून सन्मानाची डॉक्टरेट दिली. समारंभ ५ जूनला होता. ड्यूई १ जूनला वारले. गुरुशिष्यांची भेट चार दिवसांनी चुकली. आमच्या नोट्समध्ये 'मृत्यू १९५२' एवढंच होतं.

आता दुसऱ्या दाराकडे येतो, वस्तीच्या. हे दार फार जुनं आहे.

जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मिशनच्या मिस फरार मुलींची शाळा चालवत. ती त्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं ते अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. बोटीत पाय न ठेवलेला पुण्याचा एक माळी समुद्रापलीकडच्या गुलामांशी नातं जोडतो. कुठल्या करारावर सही केली नव्हती, कुठलं शिष्टमंडळ गेलं नव्हतं. दुःखाची ओळख पटली म्हणून नातं जुळलं.

आपल्या नागपूरचं पाहा. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून १८४५ साली इथं आले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून उभं आहे. त्यांनी गोंडांची गाणी, गोंडांच्या कथा लिहून काढल्या. १८६३ साली नदीत बुडून ते गेले आणि १८६६ साली त्यांचे कागद पुस्तकरूपानं छापले गेले. परक्या माणसानं गोंडी ऐकली, टिपली. आणि आम्ही? माझ्या बी.एड. च्या वर्गातले कितीतरी जण पुढे गडचिरोलीकडे, चंद्रपूरकडे मास्तर झाले. वर्षभरात आम्हाला गोंडीचा एक शब्द कुणी शिकवला नाही. हर्बार्टच्या पाच पायऱ्या घेऊन ते गोंड पोरांपुढे उभे राहिले. पोरं टकामका पाहत राहिली. परकी संस्कृती म्हणजे विमानात बसल्यावर लागते असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा एटापल्लीच्या एस.टी. त बसून पाहावं.

जाईबाई चौधरींची गोष्ट तर प्रत्येक बी.एड. च्या पुस्तकात पाहिजे. उमरेडकडची ही महार मुलगी लग्न होऊन नागपूरला आली. घरची गरिबी. नागपूर ते कामठी डोक्यावर लोकांची ओझी वाहायची. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी तिला हेरलं, शिकायला लावलं आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून घेतलं. अस्पृश्य बाई शिकवते म्हटल्यावर लोकांनी बहिष्कार टाकला आणि तिची नोकरी गेली. जाईबाई पुन्हा ओझ्याकडे गेल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी जुन्या कार्यकर्त्या बायांना गाठून, विचारून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं, म्हणून ही बाई आपल्याला कळली. विद्यापीठ निघायच्या एक वर्ष आधी ओझी वाहणारी बाई शाळा काढते. परक्या देशातून आलेल्या बाईनं दिलेलं अक्षर आपल्या लेकींच्या हातात देते. शिक्षक-प्रशिक्षण म्हणतात ते हेच.

१९४२ सालच्या जुलैत नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. तिथंच शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा जन्म झाला. बायांची परिषद वेगळी भरली. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले. आणि ऑक्टोबरात त्यांनी सरकारपुढे गाऱ्हाण्यांचं निवेदन ठेवलं. त्यात नोकऱ्या होत्याच, पण आपल्या पोरांना विज्ञान आणि तंत्रशास्त्र शिकायला आणि परदेशी जाऊन शिकायला पैसा द्या, ही मागणी पण होती. स्वतः साडेअकरा पौंडांवर राहिलेला माणूस दुसऱ्यांची सोय विसरला नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली.

आणि मग १४ ऑक्टोबर १९५६. माय तेव्हा तरणी होती. पांढरं लुगडं नव्हतं म्हणून शेजारणीचं मागून नेसली होती. बाच्या खांद्यावर माझा मोठा भाऊ. कुशीनगरहून भदंत चंद्रमणी आले होते, मूळचे बर्मेचे. त्यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना स्वतः दिली. बा शेवटपर्यंत सांगे, "बर्मेचा भंते आला होता आपल्यासाठी. आपल्या गावात आपल्याले हिरीवर येऊ देत नव्हते, अन् थो बर्मेचा मानूस बाबासायबाले दीक्षा द्याले येते. मंग सांग, आपला कोन अन् परका कोन?"

माझी माय अंगठेबहाद्दर. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्रिशरण-पंचशील म्हणायची. पालीत. तिला पाली ही कुठली भाषा ते ठाऊक नव्हतं. श्रीलंकेत, बर्मात, थायलंडात लोक याच भाषेत हेच म्हणतात, हे मी तिला सांगितलं तेव्हा बिडीचं पान कापता कापता ती थांबली. म्हणाली, "मंग थे आपल्या सोयऱ्यातलेच झाले ना?" इतकं सोपं उत्तर मला चर्चासत्रात मिळालं नाही.

हे दार पुढेही उघडं राहिलं. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई साठच्या दशकात इथं आले आणि नागपूरचेच होऊन गेले. १९६४ साली दीक्षाभूमीवर कॉलेज उभं राहिलं. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातून पीएच.डी. होऊन आले, मिलिंदचे प्राचार्य झाले, आणि तिकडच्या काळ्या लेखकांचं साहित्य आपल्या पोरांपुढे ठेवलं. 'अस्मितादर्श' त्याच वातावरणात उभं राहिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. पण त्याआधी, १९४६ सालीच, बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तुम्ही संयुक्त राष्ट्रांपुढे जे मांडता आहात त्याची प्रत मला पाठवा, आम्हीही तसा विचार करतो आहोत, अशा अर्थाचं. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. जगाच्या दोन टोकांचे दोन नेते आपापल्या लोकांचं दुःख एकमेकांशी ताडून पाहत होते.

उलट्या बाजूनंही कुणी आलं. एलिनॉर झेलियट अमेरिकेच्या. आपल्या चळवळीवर त्यांनी १९६९ साली पीएच.डी. केली. आधी मराठी शिकल्या, मग वस्त्यांत बसल्या, मग लिहिलं. पुढे त्यांच्यासारख्यांमुळे अमेरिकेतल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी पुण्याला येऊन मराठी शिकत. २०१६ साली त्या गेल्या. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याची भाषा आधी शिकायची, हा धडा त्यांनी घालून दिला. आपल्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा असा नसतो.

त्याचा एक अनुभव आहे. साल १९९७ असेल. मी वस्तीतल्या शाळेत शिकवत होतो. एका परदेशी विद्यापीठाचे शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी पाहणीला येणार असं कळलं. मुख्याध्यापकांनी भिंती धुवून घेतल्या. पोरींना स्वागतगीत शिकवलं. पाहुणे आले, गीत झालं, हार झाले. मग त्यांनी फोटो काढले. पोरांचे फोटो, फुटक्या खिडकीचे फोटो, नळाच्या रांगेचे फोटो. प्रश्न त्यांनी विचारायचे, उत्तरं आम्ही द्यायची. तासभर असंच चाललं. मला जनावरांच्या बाजारात उभं केल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात सातवीतली एक पोरगी उठली. मला म्हणाली, "सर, यायले विचारा ना, यायच्या गावात वस्ती असते काय? शाळेत कोनाले येगळं बसवते काय?"

मुख्याध्यापकांनी डोळे वटारले. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागं उभी असलेली एक काळी मुलगी पुढं आली. कॅमेरा तिनं पिशवीत ठेवला. म्हणाली, माझी आजी काळ्यांच्या वेगळ्या शाळेत शिकली. गोऱ्या पोरांनी वापरून टाकलेली फाटकी पुस्तकं तिच्या शाळेत यायची. गावातल्या वाचनालयात तिला जाता येत नव्हतं. १९५४ साली कोर्टानं वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, पण आजीचं शिक्षण तोवर संपलं होतं. मी तिच्या घरातली पहिली, विद्यापीठात गेलेली.

मी मराठीत सांगत गेलो. पोरं ऐकत राहिली. त्या पोरीनं विचारलं, "मंग तुमची आजी रडे काय?" ती मुलगी म्हणाली, नाही, गाणं म्हणायची. मग पोरांनी तिला गाणं म्हणायला लावलं आणि नंतर आमच्या पोरांनी भीमगीत म्हटलं. पुढचा अर्धा तास कुणी फोटो काढला नाही.

पाहणीच्या अहवालात काय छापलं ते मला ठाऊक नाही. पण त्या अर्ध्या तासात जे झालं तेच खरं शिक्षण. दोन्हीकडून प्रश्न विचारला गेला तेव्हा ते सुरू झालं. तोवर नुसती पाहणी होती.

म्हणून आज हा मोठा शब्द ऐकला की मी विचारतो, प्रश्न कोण विचारणार? करार झाले, शाखा आल्या, जोडपदव्या आल्या. त्यांची फी वस्तीतलं पोरगं भरू शकेल काय? जाणार कोण, आणि काय शिकायला जाणार? २०२२ साली राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत एक कलम घातलं गेलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, भारतावरचं समाजशास्त्रीय संशोधन, हे विषय घेऊन परदेशी शिकायला पैसा मिळणार नाही. देशभरातून त्याला विरोध झाला. मी फक्त एवढंच म्हणतो: असं कलम १९१३ साली बडोद्याच्या दरबारात असतं तर ९ मे १९१६ चा तो निबंध लिहिला गेला असता काय? जग पाहून ये, पण आपल्या घराबद्दल बोलू नको. अशा अटीवर दिलेलं जग आम्हाला नको आहे.

मग काय पाहिजे? टीका सोपी असते, म्हणून मास्तराच्या सवयीनं टाचण देतो.

ड्यूई शिकवा, पण 'जातिप्रथेचं विध्वंसन' शेजारी ठेवून शिकवा. ब्राझीलचा पावलो फ्रेअरे शिकवा, पण जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेलं निवेदन त्याच्या आधी शिकवा. जपानची शिस्त सांगता, मग जपानच्या बुराकू लोकांचंही सांगा. तेही अस्पृश्यच. १९२२ साली त्यांनी क्योतोला आपली समतेची संघटना काढली, आणि पुढे भेदभावाविरुद्धचं शिक्षण शाळाशाळांत नेलं. भावी शिक्षकाला एक महिना गोंडी बोलणाऱ्या गावात पाठवा, त्याचे मार्क द्या. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशोदेशीची माणसं येतात. बी.एड. च्या विद्यार्थ्यांना तिथं सेवेला नव्हे, ऐकायला पाठवा. कामठी रोडवर नागलोकात २००२ पासून वेगवेगळ्या राज्यांतली पोरंपोरी एकत्र राहून शिकतात, त्यांच्याबरोबर दोन दिवस बसवा. यातल्या कशालाच विमानाचं तिकीट लागत नाही. आणि जे पोरगं खरंच बाहेर जाईल त्याला विषय स्वतः निवडू द्या.

बा गेला, माय गेली. बाच्या त्या वाक्यावर मी ३१ वर्षं नोकरी केली. एकाही पोरावर हात उचलला नाही. हर्बार्टनं मला टाचण शिकवलं, ड्यूईनं कृती शिकवली, ते मी नाकारत नाही. पण पोराच्या डोळ्यांत पाहायचं ते बानं शिकवलं, आणि बाला ते बाबासाहेबांनी. बाबासाहेबांना थोडंफार ड्यूईनं. असं फिरून ते जग माझ्याच घरात आलं होतं आणि मी ते वर्गात शोधत बसलो होतो.

तुमच्यातलं कुणी आज बी.एड. ला असेल तर एक करा. ड्यूईचा पाठ येईल त्या दिवशी हात वर करा. कुणी म्हणालं, हे अभ्यासक्रमात नाही, तर नम्रपणे सांगा: तेच तर विचारतो आहे सर, का नाही?

कुणी मागून हसलं तर हसू द्या. हात खाली घेऊ नका.

जय भीम.